नवे ग्राफिक्स कार्ड बसवूनही गेम अडखळतो? आधी तपासणीची मजुरी घ्या, मग माल विका

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, पंधरा-वीस हजार रुपये मोजले आणि घरी जाऊन गेम लावला, तर तो पूर्वीसारखाच अडखळतो. कधी कधी पूर्वीपेक्षाही जास्त. ही तक्रार मनमाडच काय, मालेगाव, येवला, नांदगाव अशा कोणत्याही गावच्या संगणक दुकानात ऐकायला मिळते. ग्राहक म्हणतो, कार्ड खराब दिले. दुकानदार म्हणतो, कार्ड नवे आहे, तुमचा संगणकच जुना. आवाज चढतात आणि शेवटी एक तर कार्ड परत घ्यावे लागते, नाही तर ग्राहकाच्या गळ्यात आणखी एक पार्ट मारला जातो. माझे स्पष्ट मत असे की अशा भांडणात बहुतेक वेळा कार्ड निर्दोष असते. दोष धंद्याच्या पद्धतीत आहे. आपले दुकानदार बांधव माल विकायला शिकले, पण तपासणी विकायला अजून शिकलेले नाहीत.

खेळाच्या गोष्टी व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही बुजुर्ग विचारतील. त्यांना एवढेच सांगतो की ज्या कार्डावर मुले गेम खेळतात, त्याच कार्डावर लग्नाच्या शूटिंगचे एडिटिंग होते आणि घराचे नकाशे उभे करून दाखवले जातात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायदा करून बंदी आणली. आपण बोलतो आहोत तो प्रकार तो नव्हे. शिवाय संगणक दुरुस्ती हे थोड्या भांडवलात उभे राहणारे काम आहे. स्क्रूड्रायव्हरचा संच, एक ब्लोअर, दोन पेनड्राइव्ह आणि हातात हुनर असले की तरुण कारागीर चार पैसे मिळवू शकतो. त्याचे नाव बिघडते ते अशाच एखाद्या कार्डावरून.

आता मुद्द्याकडे वळू. ग्राफिक्स कार्ड फक्त चित्र काढते. काय काढायचे, कोणता माणूस कुठे उभा, गोळी कुठे लागली, हा हिशेब प्रोसेसर करून देतो. मालेगावच्या मागवाल्यांना हे चटकन समजेल. माग कितीही वेगाचा असो, कांडी भरणारा मागे पडला की माग थांबतो. जुन्या प्रोसेसरपुढे ताकदवान कार्ड ठेवले की नेमके हेच होते. कार्ड निम्मा वेळ रिकामे बसते आणि चित्र धक्के खात पुढे सरकते.

हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून टास्क मॅनेजरमध्येच ग्राफिक्स कार्डाचा आलेख दिसतो. गेम चालू असताना कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर ते आपले काम पुरेपूर करते आहे. त्याहून जास्त हवे असेल तर गेमची सेटिंग उतरवावी किंवा मोठे कार्ड घ्यावे. कार्ड ४०-५० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर अडचण दुसरीकडे आहे. इथे एक गफलत होते. प्रोसेसरचा एकूण आकडा कमी दिसला म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असे समजू नये. चार कोरपैकी एकच कोर पूर्ण भरला असेल, तर एकूण आकडा पंचवीस टक्क्यांच्या आसपासच दिसतो, आणि पुष्कळ गेम एका-दोन कोरवरच सारा भार टाकतात. म्हणून दुसरी सोपी परीक्षा करावी. गेमचे रिझोल्यूशन एकदम खाली आणावे. फ्रेमचा आकडा वाढला तर कार्ड कमी पडत होते. जागचा हलला नाही तर प्रोसेसर. मात्र मॉनिटर ६० हर्ट्झचा असून व्ही-सिंक चालू असेल, तर आकडा ६० च्या वर जाणारच नाही. तो बिघाड नव्हे, कुलूप आहे.

काही दोष तर असे की दुरुस्तीला एक पैसा लागत नाही. मॉनिटरची केबल कार्डाला लावायची सोडून मदरबोर्डाच्या जुन्या जागी लावलेली असते. मोठे कार्ड आत झोपलेले आणि प्रोसेसरमधले छोटे ग्राफिक्स गेम ओढते आहे. आपल्याकडे हे होण्याचे खास कारण म्हणजे जुने व्हीजीएचे मॉनिटर. एनव्हिडियाने २०१६ सालच्या १० मालिकेपासून कार्डातून ॲनालॉग सिग्नल देणे बंद केले. नव्या कार्डावर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात, व्हीजीए नसते. पोरगा कार्ड बसवतो, केबल बसत नाही म्हणून होती तिथेच परत लावतो, चित्र येते, सगळे खूश! यावर उपाय म्हणजे एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर किंवा दुसरा मॉनिटर.

तसेच जुन्या कार्डाचे ड्रायव्हर. एएमडीचे कार्ड काढून एनव्हिडियाचे बसवले आणि आधीचा ड्रायव्हर तसाच ठेवला तर गोंधळ होऊ शकतो. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा मोफत प्रोग्राम सेफ मोडमध्ये चालवून जुने सारे साफ करावे आणि मग कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घालावा. मदरबोर्डावर दोन लांब स्लॉट असतील तर कार्ड प्रोसेसरजवळच्या वरच्या स्लॉटमध्येच घालावे. खालचा दिसायला तेवढाच लांब असतो, पण पुष्कळ बोर्डांवर त्याला सोळाऐवजी चारच लेन जोडलेल्या असतात. आणि रॅम! आठ जीबीची एकच पट्टी म्हणजे एकेरी मार्ग. मनमाड-दौंड मार्ग वर्षानुवर्षे एकेरी होता, तेव्हा क्रॉसिंगसाठी गाडी किती वेळ उभी राहायची हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्याच मापाची दुसरी पट्टी योग्य खाचेत घातली की मार्ग दुहेरी होतो. कार्ड बदलण्याच्या मानाने हा खर्च फार कमी.

एसएमपीएसबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण फसवणूक आणि धोका दोन्ही तिथेच आहेत. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५० वॅट. जीटीएक्स १६५० सारखे कार्ड मुळात स्लॉटच्या विजेवर भागवू शकते. पण आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात आणि त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला जातो. आपल्या भागात ऑफिसांतून निघालेले डेल-एचपीचे जुने संगणक पुष्कळ विकले जातात. मजबूत असतात, स्वस्त पडतात. पण त्यांचे एसएमपीएस साधारण २५० ते ३०० वॅटचे असतात. त्यातून डेलच्या अनेक मॉडेलांत मदरबोर्डाची वीजजोडणी वेगळ्याच घडणीची असल्याने बाजारातला साधा एसएमपीएस सरळ बसत नाही. मग काही जण हार्ड डिस्कच्या साटा तारेवरून सहा पिन काढून देणारी जोडणी लावतात. साटाच्या त्या पिना १२ व्होल्टवर सुमारे ५४ वॅटपुरत्याच बनवलेल्या आहेत. त्यावर ७५ चा भार टाकला तर प्लास्टिक वितळू शकते. ज्याच्या घरात ते जळेल तो आपलाच ग्राहक, हे ध्यानात ठेवावे.

पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. एसएमपीएस कमी पडला तर गेम खेळताना स्क्रीन काळी होते, संगणक बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. संगणक कधीच बंद पडत नाही, नुसता गेम संथ चालतो, अशा वेळी पहिला संशय एसएमपीएसवर घेऊ नये. काही दुकानांत नेमका तोच आधी बदलायला लावतात, कारण विकायला तोच हाताशी असतो.

मे महिन्यात मनमाडला पारा चाळिशी पार करतो. पत्र्याखालच्या खोलीत, भिंतीला चिकटवलेल्या कॅबिनेटमध्ये काय होत असेल? गेम दहा मिनिटे छान चालून मग मंदावत असेल तर उष्णतेचाच संशय घ्यावा. नवे कार्ड आपली गरम हवा आत सोडते, त्यात जुना प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवायला वेग कमी करतो. झाकण उघडून टेबल फॅन समोर ठेवा; फरक पडला तर दोष सापडला. मागाच्या शेजारी ठेवलेल्या संगणकात सुताची बारीक रुई पंख्यात बसते, तिथे दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारावाच लागेल.

आता मालाविषयी. एकाच नावाने दोन प्रतींचा माल विकला जाणे ही या धंद्यातली जुनी खोड आहे, आणि ती गल्लीतल्या दुकानाने नव्हे, मोठ्या कंपन्यांनी लावली. जीटी १०३० हे कार्ड आधी जीडीडीआर ५ मेमरीचे होते. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर ४ मेमरीचे आले. पहिल्यात मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्यात जेमतेम १७. जीटीएक्स १०६० चे ३ जीबी आणि ६ जीबी यांत फक्त मेमरीचा फरक आहे असे लोक समजतात. प्रत्यक्षात छोट्यात कोरही कमी आहेत, १२८० ऐवजी ११५२. जानेवारी २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन वापरते, म्हणून जुन्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस बोर्डावर ते मार खाते. इंटेलची आर्क कार्डे रिसायझेबल बार नावाची सोय बोर्डात नसेल तर फारच मागे पडतात, आणि दहाव्या पिढीच्या आधीच्या इंटेल संगणकांवर ती सोय सहसा नसते. यातले एकही कार्ड खराब नाही. चुकीच्या घरात गेले, एवढेच.

जुन्या कार्डांचे वेगळे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि दिवसरात्र राबलेली कार्डे जगभरच्या जुन्या बाजारात ओतली गेली. काही तर चक्क नकली असतात, जुन्या कार्डाचे आतले नाव बदलून नव्याच्या नावाने विकलेली. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम अशी पुष्कळ नकली कार्डे उघडी पाडतो. म्हणून बिलावर नुसते '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' असे लिहू नये. पूर्ण नाव, मेमरीचा प्रकार, सिरीयल नंबर आणि माल जुना असल्यास 'जुना' हा शब्द लिहावा. ऐब सांगून विकलेल्या मालावर भांडण होत नाही.

राहिला मजुरीचा प्रश्न. बघायचे पैसे कोण देतो, असे दुकानदार म्हणतात. पण आज ग्राहक कार्ड ऑनलाइन मागवतो आणि बसवायला तुमच्याकडे आणतो. कार्डावरचा नफा आधीच घासलेला. मग दुकानाजवळ उरते काय? हातातले कसब. मोटर रिवाइंडिंगवाला खोलून बघायची मजुरी मागतो आणि गिऱ्हाईक देते. संगणकवाल्याने का लाजावे? दोनशे-तीनशे रुपये ठरवावेत, भिंतीवर लिहावेत आणि आधी सांगावेत. 'सामान घेतल्यास तपासणी फुकट' अशी पाटी मात्र लावू नये. ती पाटी लावली की कारागिराची रोजी सामान खपण्यावर अवलंबून राहते, मग नुसती केबल बदलून काम भागत असेल तरी त्याच्या तोंडून ते निघणे कठीण. मजुरी वेगळी, माल वेगळा.

मजुरी घ्यायची तर कामही तसे दिसले पाहिजे. कार्ड बसवण्यापूर्वी ग्राहकाच्या समोर, त्याचाच गेम, ठरलेल्या सेटिंगवर, ठरलेल्या ठिकाणी पाच मिनिटे चालवावा आणि फ्रेमचा आकडा लिहून ठेवावा. कार्ड बसवल्यावर पुन्हा तसेच करावे. दोन्ही आकडे बिलाच्या मागे लिहून द्यावेत. हे केले नसेल तर महिन्याने येणाऱ्या तक्रारीला ना दुकानदाराकडे पुरावा, ना ग्राहकाकडे.

गेमिंग पार्लर चालवणाऱ्यांनी दहाही संगणकांची कार्डे एकदम मागवू नयेत. एकात बसवून आठवडाभर चालवून बघावे. आणखी एक हिशेब करावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. अशा संगणकात वीस हजारांचे कार्ड घालण्यापेक्षा तो पैसा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमकडे वळवावा आणि जुनेच कार्ड वर्षभर वापरावे, असे मी सांगेन. दुकानदाराची आजची विक्री थोडी लहान होईल, होऊ द्या.

मनमाडहून मुंबई रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर. लॅमिंग्टन रोडला कार्ड बदलून आणायचे म्हणजे सकाळची पंचवटी पकडा आणि दिवस घालवा. तिथे कार्ड चांगले निघाले तर तसेच परत आणा. त्याऐवजी खात्रीचा ५५० वॅटचा एसएमपीएस, रॅमच्या दोन पट्ट्या, एक कन्व्हर्टर आणि एक चालू कार्ड एवढा संच केवळ अदलाबदल करून बघण्यासाठी बाजूला ठेवावा. एकट्याला परवडत नसेल तर दोन-तीन दुकानांनी मिळून घ्यावा, कोण कधी नेतो ते वहीत लिहावे आणि त्यातली वस्तू कोणीही ग्राहकाला विकू नये.