घाम वाळतो की ओघळतो?

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिची पालखी ज्येष्ठात पंढरपूरकडे निघते आणि ही परंपरा 1594 पासूनची सांगितली जाते. वर्धेचा काठ सुटला की वारकऱ्यांच्या डोक्यावर वऱ्हाडातलं ऊन असतं. ते काय चीज आहे, हे अमरावती-अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. अशा उन्हात माणूस दिवसचे दिवस चालतो. श्रद्धेचं बळ तर आहेच, पण त्याच्या अंगावर आणखी एक काम निमूटपणे चालू असतं. घामाची वाफ होत असते.

पाण्याची वाफ व्हायला 100 अंश तापमान लागतं, असा समज शाळा सुटल्यावरही पुष्कळांच्या डोक्यात राहतो. 100 अंशांना पाणी उकळतं. वाफ मात्र कुठल्याही तापमानाला होत असते, फक्त पृष्ठभागावरून. त्यासाठी लागणारी उष्णता मोठी असते. एक लिटर पाणी 20 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवायला 80 किलोकॅलरी लागतात, तर अंगावरचा तेवढाच घाम उडून जायला सुमारे 580. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात या सुप्त उष्म्याचा छडा लावला. वऱ्हाडातल्या घराघरांत तोच उष्मा उन्हाळाभर राबतो. कुलरच्या ताट्यांमधून तासाला एक लिटर पाणी उडालं, तर साडेसहाशे वॅटांहून अधिक उष्णता हवेतून निघून जाते. त्या जोरावर नवतपा निभतो.

हवा 35-36 अंशांच्या वर गेली की अंगातली उष्णता हवेत जाणं थांबतं, उलट हवेतलीच अंगात येऊ लागते. मग घाम उडणं हा एकच मार्ग उरतो. इथे ‘उडणं’ महत्त्वाचं. निथळून जमिनीवर पडलेला घाम काहीच गारवा देत नाही, शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं घेऊन जातो. मे महिन्यात रानातून घरी आलेल्या माणसाच्या बंडीवर पाठीशी, काखेपाशी मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले दिसतात. पाणी उडालं, मीठ मागे राहिलं. (पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.) मुंबईच्या दमट हवेत त्याच माणसाचा सदरा दिवसभर ओलाच राहील. पट्टे दिसले म्हणजे घामाने आपलं काम केलं.

म्हणूनच नुसता पारा बघून उन्हाचा धोका ठरवणं चुकीचं आहे. हवा 45 अंशांवर आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक साधारण 24 अंश दाखवतो. हवा 38 अंशांवरच, पण आर्द्रता 50 टक्के असेल, तर तोच तापमापक 29 च्या आसपास जातो. घामाने अंग किती गार होऊ शकेल, याचा अंदाज या ओल्या तापमानावरून येतो. ते 35 झालं तर धडधाकट माणूसही फार काळ तग धरत नाही, असं मानलं जात होतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही मर्यादा दमट हवेत 31 च्या आसपासच निघाली, तीही हलकी हालचाल करताना. म्हातारे आणि आजारी यांच्यासाठी ती आणखी खाली असणार.

मे 2024 मध्ये अकोल्यात पारा 45 च्या पुढे गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 144 लावलं. भर दुपारचे शिकवणी वर्ग बंद करायला लावले, कामगारांसाठी पाणी आणि पंख्यांची सोय बंधनकारक केली. निर्णय योग्यच होता. पण त्याच्या आदल्या वर्षी, 16 एप्रिल 2023 रोजी, खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात तासन् तास बसलेल्या लोकांपैकी 14 जण दगावले. तिथे पारा 38 च्या आसपास होता. गर्दी, मंडपाचा अभाव, लांबलेला कार्यक्रम, कारणं अनेक होती. किनाऱ्यावरची दमट हवा हे त्यांतलं एक, आणि आकडा 38 चा म्हणून ते कुणाला खुपलं नाही.

वऱ्हाडातही असे दमट दिवस येतात, ते बहुधा रोहिणी सरता सरता. ढग जमतात, एखादी सर पडून जाते, पारा चार-पाच अंशांनी उतरतो. लोक सुटकेचा श्वास टाकतात. रोजगार हमीच्या कामावर, वीटभट्टीवर, दिंडीच्या वाटेवर सावधगिरी ढिली पडते. खरा घात तेव्हाच होऊ शकतो.

जिल्हा प्रशासनाने उष्णतेचा इशारा देताना कमाल तापमानाबरोबर आर्द्रताही धरावी. दैनिकांनी हवामानाच्या चौकटीत, याही दैनिकाने, ओल्या तापमानाचा आकडा छापावा. हवामान केंद्रांवर तो रोज मोजला जातोच. पालखी मार्गावरच्या पाणपोया मृगाचा पहिला शिंतोडा पडताच गुंडाळू नयेत आणि पाण्यासोबत मीठ-साखरही ठेवावी. ज्यांना आकड्यांची कटकट नको, त्यांनी घरच्या कुलरकडे बघावं. टाकीत पाणी भरलेलं आणि ताट्या ओल्या असूनही तो गार वारा देत नसेल, तर त्या दुपारी शेतमजुराला, मिस्त्रीला आणि वारकऱ्याला सावलीतच थांबवा.