सिंह कोणाचा?

2025 च्या मे महिन्यात गुजरातेत सिंहांची शिरगणती झाली, तीत 891 सिंह भरले. 2020 साली हाच आकडा 674 होता. मोठी श्वापदे आता प्राणिसंग्रहालयाच्या गजांआडच पाहावयास मिळायची, असे म्हणणारांस या आकड्यांनी परस्पर उत्तर दिले आहे. आशियाचा सिंह पिंजऱ्याबाहेर जिवंत आहे. इतकेच नव्हे, तर वाढता आहे. याचे श्रेय जुनागडच्या नवाबांनी घातलेल्या शिकारबंदीस, 1965 साली स्थापन झालेल्या गीर अभयारण्यास, गुजरातच्या वनखात्यास आणि गोठ्यातील जनावर सिंहाने नेले तरी त्याच्याशी शेजारधर्म पाळणाऱ्या मालधारी व शेतकरी लोकांस आहे. हे श्रेय मोकळ्या मनाने देऊन आम्हांस जो प्रश्न विचारावयाचा आहे तो असा की, हा सिंह एकट्या गुजरातचा की साऱ्या हिंदुस्थानचा?

प्रश्न अभिमानाचा नव्हे, जीविताचा आहे. एके काळी पश्चिम आशियापासून बिहारपर्यंत वावरणारा हा प्राणी आज सौराष्ट्राच्या एका टापूत तेवढा उरला आहे. 1994 साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात कुत्र्यांच्या एका साथीच्या रोगाने सुमारे 1000 सिंह, म्हणजे तेथील एकतृतीयांश सिंह, दगावले. हाच रोग 2018 साली गीरमध्ये शिरला आणि दलखाणिया भागातील वीसहून अधिक सिंह थोड्याच आठवड्यांत मेले. परदेशातून लस आणवावी लागली. तेवढ्यावर निभावले, हे दैव. सगळा माल एकाच गलबतात भरू नये, हे आमच्या व्यापारी वाचकांस कोणी शिकवावयास नको. पुढचे वादळ थोडक्यात आटोपेल, असा करार कोणी लिहून दिला आहे काय?

यावरील उपाय नवा नाही. मध्यप्रदेशातील कुनो हे सिंहांचे दुसरे घर म्हणून तज्ज्ञांनी पूर्वीच निवडले होते. 15 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वन्य प्राण्यांवर कोणत्याही राज्यास मालकी सांगता येत नाही, ते राष्ट्राचे धन होय. सिंह हा घरचा माणूस की राज्याचे भूषण हा प्रश्न गौण असून, ती जात टिकेल कशी हाच मुख्य प्रश्न होय. सबब सहा महिन्यांत काही सिंह कुनोत न्यावे. पुनर्विचाराचा अर्जही फेटाळला गेला. त्या सहा महिन्यांची बारा वर्षे उलटली, तरी कुनोत एकही सिंह पोहोचलेला नाही. एखाद्या कुळाने वा दुकानदाराने न्यायालयाचा हुकूम असा गुंडाळून ठेवला असता, तर त्याच्या दारी बेलीफ किती दिवसांत उभा राहिला असता, हे वाचकांस सांगणे नलगे. कायदा सर्वांस सारखा असेल, तर तो सरकारासही लागू असला पाहिजे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही डावलीत नाही. 1957 साली उत्तरप्रदेशातील चंद्रप्रभेच्या रानात एक सिंह व दोन सिंहिणी सोडल्या होत्या. त्यांची संख्या अकरापर्यंत चढली आणि पुढे ते सारे नाहीसे झाले. ही गोष्ट खरी आहे. पण तिचा बोध असा की, सोडलेल्या जनावरांवर नजर व पहारा हवा. सोडूच नये, असा तो नव्हे. दुसरे म्हणणे असे की, पोरबंदरजवळच्या बरड्याच्या डोंगरात 2023 पासून सिंह आपण होऊन वस्तीस येऊ लागले आहेत, तेव्हा दुसरे घर झालेच. बरडा हीही सौराष्ट्राचीच भूमी. एका वाड्यातील दुसऱ्या खोलीस दुसरे घर कसे म्हणावे? वाड्यास आग लागली तर ती खोली निराळी राहील काय? शिवाय नव्या गणतीप्रमाणे निम्म्याहून अधिक सिंह गीरच्या संरक्षित वनाबाहेर हिंडत आहेत. उघड्या विहिरींत पडून आणि आगगाडीखाली सापडून ते मरतात. घर अपुरे पडू लागल्याची याहून स्पष्ट खूण कोणती हवी?

या दिरंगाईचा खरा भार मात्र कुनोच्या गरिबांनी वाहिला. सिंह येणार म्हणून 1998 पासून पुढील काही वर्षांत तेथील 24 गावांतील सुमारे 1500 कुटुंबे उठविण्यात आली. त्यांत बहुतेक सहारिया आदिवासी होते. त्यांनी पिढीजात जमीन व रान सोडले. सिंह मात्र आला नाही. त्या जागी 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातील 8 व पुढील फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतील 12 चित्ते आले. न्यायालयाने 2013 साली रद्द ठरविलेल्या या बेतास 2020 साली त्याच न्यायालयाची अनुमती मिळाली होती, म्हणून त्याच्या कायदेशीरपणाविषयी आमची तक्रार नाही. 2023 साली काही चित्ते मेल्यावर मोकळे सोडलेलेही परत कुंपणात घ्यावे लागले आणि त्यांना बाहेर काढण्याचा प्रयत्न पुन्हा पहिल्यापासून करावा लागला, याचेही आम्ही भांडवल करीत नाही. नव्या कामात अपयश यावयाचेच. परंतु समुद्रापलीकडून चित्ता आणण्यास ज्या सरकारास विमान मिळते, त्यास शेजारच्या राज्यातून सिंह आणण्यास वाहन मिळू नये, हे मात्र कोडे आहे.

म्हणून आमची मागणी एवढीच आहे. केंद्र सरकारने सिंहांच्या स्थलांतराची तारीख जाहीर करावी; ते जमत नसल्यास न्यायालयापुढे उभे राहून कारण सांगावे. गुजरातच्या जनतेस आमची विनंती अशी की, ज्याने आपल्या घरी दिवा जपला त्यानेच त्या ज्योतीवर दुसऱ्याचा दिवा लावून दिला, तर पहिल्याचा उजेड कमी होत नाही. केवळ गज नाहीत म्हणून प्राणी स्वतंत्र ठरत नाही. एका साथीत ज्याचा वंश बुडू शकतो, त्याचे स्वातंत्र्य उसने आहे. ते पक्के करून देणे आता सरकारच्या हाती आहे.