मानलेल्या बहिणी

वोल्गोग्राडच्या युद्धसंग्रहालयात एक टेबलक्लॉथ जपून ठेवलेला आहे. रणगाडे, तोफा आणि सेनापतींच्या तसबिरी यांच्या गर्दीत एखाद्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरचे कापड पाहून परका प्रवासी क्षणभर बुचकळ्यात पडत असेल. १९४३ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातल्या आठशेहून अधिक स्त्रियांनी त्यावर आपापली नावे दोऱ्याने भरली, प्रत्येकीने सहा पेन्स वर्गणी दिली आणि ती रक्कम कापडासह स्टालिनग्राडला पाठवली. मोठ्या दयेपेक्षा थोडी मदत बरी, अशा अर्थाचे शब्दही त्यावर विणलेले आहेत. सहा पेन्स ही तेव्हाही मोठी रक्कम नव्हती. पण नाव भरायला बसलेल्या बाईचा तेवढा वेळ मात्र त्या अनोळखी शहराच्या नावे खर्ची पडला होता.

कॉव्हेंट्रीला हे सुचावे यात आश्चर्य नाही. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी ते शहर भाजून काढले होते. साडेपाचशेहून अधिक माणसे मेली, मध्ययुगीन कॅथीड्रलचा केवळ सांगाडा उरला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी स्टालिनग्राडवर त्याहून कितीतरी भीषण बॉम्बवर्षाव झाला आणि पुढे महिनोन्‌महिने घराघरातून लढाई चालली. जळालेल्या घरासमोर उभे राहणे म्हणजे काय, हे कॉव्हेंट्रीच्या बायकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९४४ साली, या दोन शहरांनी एकमेकांशी रीतसर नाते जोडले. आधी टेबलक्लॉथ, मग करार, हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. या लेखाचे सारे म्हणणे त्या क्रमाभोवतीच फिरते.

दोन देशांतील शहरांच्या अशा नात्याला निरनिराळ्या भाषांनी निरनिराळी नावे दिली आहेत. ब्रिटिश त्यांना जुळी शहरे म्हणतात. फ्रेंच शब्दाचा अर्थही तोच. जर्मन भाषा व्यवहारी. ती त्यांना भागीदार शहरे म्हणते. अमेरिकनांनी बहीण हा शब्द रूढ केला आणि तोच आपल्याकडे ‘भगिनी-शहर’ म्हणून आला. रशियन शब्द आहे ‘पोब्रातिम’, म्हणजे शपथ घेऊन झालेला भाऊ. आम्हांला विचाराल तर रशियन शब्द सर्वांत खरा, कारण जुळेपण किंवा बहीणपण जन्माने येते. शहरांचे नाते जन्माने येत नाही, ते करावे लागते. मराठीत त्यासाठी नेमका शब्द पूर्वीपासून आहे. आपण ‘मानलेली बहीण’ म्हणतो. रक्ताचे नाते न बोलता, न भेटता वर्षानुवर्षे तग धरते. मानलेल्या नात्याला ती सवलत नाही. ज्या दिवशी मानणे थांबते, त्या दिवशी ते संपते.

या कसोटीवर शहरांच्या नात्यांकडे पाहिले तर काय दिसते?

कॉव्हेंट्रीचेच दुसरे नाते घेऊ. १९४० च्या नाताळात कॅथीड्रलच्या भग्नावशेषांतून झालेल्या रेडिओभाषणात तेथील प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी सूडाची भाषा बोलण्याचे नाकारले. युद्ध संपल्यावर आज जे शत्रू आहेत त्यांच्यासोबत अधिक सुजन जग उभारण्याचा प्रयत्न करू, असे ते म्हणाले. ज्यांची माणसे सहा आठवड्यांपूर्वी पुरली गेली होती, अशा श्रोत्यांसमोर हे बोलणे सोपे नव्हते. १९४५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन जाळले. सुमारे पंचवीस हजार माणसे त्यात मेली. १९५९ साली कॉव्हेंट्री आणि ड्रेस्डेन ही नाते जोडलेली शहरे झाली. ड्रेस्डेन तेव्हा पूर्व जर्मनीत, म्हणजे पोलादी पडद्यापलीकडे होते. दोन्ही सरकारांमध्ये सख्य तर नव्हतेच, साधी ओळखदेखही धड नव्हती.

परंतु हे नाते टिकले ते सहीच्या कागदामुळे नव्हे. १९६० च्या दशकाच्या आरंभी काही जर्मन तरुण कॉव्हेंट्रीत आले आणि भग्न कॅथीड्रलच्या आवारात त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधकाम केले. १९६५ साली ब्रिटिश तरुणांची तुकडी ड्रेस्डेनला गेली आणि बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या तेथील एका रुग्णालयाच्या पुनर्बांधणीत राबली. पुढे ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्शे हे चर्च पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्याच्या घुमटावरचा क्रूस ब्रिटिश नागरिकांच्या वर्गणीतून आला. तो घडवला लंडनच्या एका कारागिराने, आणि त्याचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांपैकी एका विमानात होते. २००४ साली तो क्रूस घुमटावर चढला. बापाने जे वरून पाडले, ते मुलाने पुन्हा वर चढवले. यापुढे आम्ही काही भाष्य करू नये हेच बरे.

आता नाण्याची दुसरी बाजू. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि कॉव्हेंट्रीने वोल्गोग्राडशी असलेले नाते स्थगित केले. ज्या शहराची ओळखच आकाशातून पडलेल्या बॉम्बनी घडली, त्याला दुसऱ्यांची शहरे जळताना पाहून स्वस्थ बसवले नाही, हे आम्ही समजू शकतो. तरीही त्या बातमीने आम्ही अस्वस्थ झालो, आणि ती अस्वस्थता येथे मांडावी असे वाटते.

नाते स्थगित होते म्हणजे नक्की काय होते? महापौर एकमेकांना शुभेच्छापत्रे पाठवत नाहीत, शिष्टमंडळे जात नाहीत, समारंभ होत नाहीत. यातले काही थांबले तर दुःख करण्याचे कारण नाही. आक्रमक राज्यसत्ता अशा समारंभांचा उपयोग स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी करते आणि तिला ती संधी नाकारणे योग्यच आहे. पण त्याच वेळी एखादी शाळा आपला पत्रव्यवहार बंद करते, एखादे वाद्यवृंदाचे निमंत्रण मागे घेतले जाते, वोल्गोग्राडमधल्या एखाद्या वृद्ध शिक्षिकेला आलेले शेवटचे पत्र शेवटचेच ठरते. तिने युद्ध पुकारलेले नसते. किंबहुना, आपल्या देशात काय चालले आहे हे तिला बाहेरच्या माणसाकडून कळण्याची जी एक फट होती, तीच बुजते. सत्तेला शिक्षा म्हणून केलेली गोष्ट सत्तेच्याच पथ्यावर पडते. तिलाही आपल्या नागरिकांना पत्रे यायला नकोच असतात.

याच्या उलट टोकाचे उदाहरण ओसाकाचे. सॅन फ्रान्सिस्कोशी ओसाकाचे नाते १९५७ पासूनचे. २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोत, जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांचे स्मारक उभे राहिले आणि त्यावरून २०१८ साली ओसाकाच्या महापौरांनी साठ वर्षांचे नाते तोडले. दोन शहरांच्या लोकांमधले नाते एकटा महापौर तोडू शकत नाही, असे उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या तत्कालीन महापौर लंडन ब्रीड यांनी दिले. आम्हांला हे उत्तर पटते. मात्र ते खरे ठरण्याची एक अट आहे. महापौराला न विचारता एकमेकांच्या घरी जाणारी माणसे दोन्ही शहरांत असायला हवीत. ती नसतील तर महापौराची सही पुरेशी आहे, जोडायलाही आणि तोडायलाही.

कोणी म्हणेल, मग करार कशाला हवेत? प्राग आणि बीजिंग यांच्या करारात ‘एक चीन’ धोरण मान्य करणारे कलम होते. शहराच्या करारात परराष्ट्रनीतीचे कलम नको, अशी भूमिका प्रागने घेतली आणि २०१९ साली ते नाते संपले. जानेवारी २०२० मध्ये प्रागने तैपेईशी करार केला. आमच्या मते प्रागने योग्य केले. मानलेल्या बहिणीने ओवाळणीत राजनिष्ठेची शपथ मागायची नसते. अशी अट पुढे आली की नाते आधीच संपलेले असते.

आता घराकडे वळू. अमेरिकेतील सॅन होजे आणि पुणे ही १९९२ पासून भगिनी-शहरे आहेत. त्याच सॅन होजेची सर्वांत जुनी भगिनी म्हणजे जपानमधले ओकायामा, १९५७ पासून. जून १९४५ मध्ये अमेरिकन विमानांनी ओकायामा जाळले होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस घडवलेल्या कोराकुएन या तिथल्या विख्यात बागेचीही त्यात हानी झाली आणि जुन्या चित्रांच्या आधारे ती पुन्हा उभारावी लागली. एका तपानंतर त्याच शहराने अमेरिकेतल्या शहराला बहीण मानले आणि सॅन होजेत कोराकुएनच्या धर्तीवर बाग फुलली. पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाचे जे उद्यान आहे, तेही ओकायामाच्या मैत्रीतून, त्याच कोराकुएनवरून घडले. म्हणजे एका जळलेल्या बागेच्या दोन लेकी, एक कॅलिफोर्नियात आणि एक मुठेच्या खोऱ्यात. आम्ही त्या उद्यानात अनेकदा बसलो आहोत. तिथे छायाचित्रे काढणारे पुष्कळ भेटतात. ओकायामातल्या एखाद्या माणसाचे नाव ठाऊक असलेला मात्र आम्हांला अजून भेटलेला नाही.

आणि सॅन होजे? तेथे व आसपासच्या परिसरात मराठी कुटुंबे इतकी आहेत की पुण्यातल्या कित्येक घरांतील आजी-आजोबा वर्षातले काही महिने तिकडेच असतात. माणसांची ये-जा हवी म्हणावे, तर ती भरपूर आहे. पण ती रक्ताच्या नात्याची आहे. आजी सहा महिने नातवंडे सांभाळते, मंडळाच्या गणपतीला जाते, कोथरूडच्याच ओळखीच्या बायकांना भेटते आणि परत येते. शेजारच्या व्हिएतनामी किंवा मेक्सिकन बाईशी तिचे बोलणे हसण्यापलीकडे जात नाही. दोष आजीचा नाही. त्या बाईच्या दारापर्यंत तिला नेणारे कोणी नसते. भगिनी-शहराचे काम खरे तर इथून सुरू व्हायला हवे. रक्ताच्या नात्याने जे दार उघडले, त्यातून मानलेले नाते आत आणणे, हे ते काम. ते सोडून आपल्याकडे या नात्याची आठवण बहुधा अभ्यासदौऱ्यांच्या हंगामात होते, आणि दौऱ्याचा अभ्यास कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून आमची एक साधी कसोटी आहे. पाहुणे कुठे उतरतात, हे पाहावे. ते हॉटेलात उतरत असतील तर तो व्यवहार. घरात उतरत असतील तर ते नाते. महापालिकेने शिष्टमंडळाच्या खर्चातला एक हिस्सा दहा शाळकरी मुलांना महिनाभर परक्या घरी राहण्यासाठी द्यावा आणि तिकडची दहा मुले आपल्या घरांत ठेवून घ्यावीत. त्या मुलांना वरणभात आवडला नाही तरी चालेल. वीस वर्षांनी दोन देशांची भांडणे झाली, तर ‘ते लोक’ असे म्हणताना वीस माणसांची जीभ अडखळेल. त्याहून मोठी अपेक्षा आम्ही करत नाही.

वोल्गोग्राडचे ते कापड, आमच्या माहितीप्रमाणे, कुणी परत मागितलेले नाही. करार स्थगित करता येतो. भरलेली नावे उसवायची तर एकेक टाका काढावा लागेल, आणि तेवढा वेळ कोणत्याही महापौरापाशी नसतो.