कागद कशाले?

असोद्याहून जळगावला माल, माणसे आणि उधारी रोज जातात. माल विकला जातो, माणसे संध्याकाळी परत येतात. तिसरीबद्दल विचारले की उत्तर ठरलेले असते: ‘शेठशी बोलनं झालंय भाऊ, कागद कशाले?’

हा पूर्वपक्ष टाकाऊ नाही, म्हणून तो आधी पुरता मांडतो. आपल्याकडचा धंदा शब्दावर उभा राहिला. चटईचा कारखानदार, डाळमिलवाला, ठिबकचे सुटे भाग करून देणारा छोटा वर्कशॉपवाला, हे सगळे एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणारे लोक. त्यांच्यात बाकीचे पत्र धाडणे म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणे. शिवाय फोन आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे. पत्राने नाते बिघडते आणि पुढची ऑर्डर जाते.

यातले एक मला मान्य आहे. भरिताची वांगी बाजारात नेली, काट्यावर चढवली, पैसे मोजून घेतले, तर पत्राचे काही काम नाही. रोखीला स्मरणशक्ती लागत नाही. उधारीला लागते, आणि गोष्ट तिथेच फिरते. ज्या मुनीमाने होकार दिला तो नोकरी सोडतो, भागीदार वेगळे होतात, शेठ थकतात आणि गादीवर मुलगा बसतो. मुलगा लबाड नसतो. त्याला खरोखरच काही ठाऊक नसते.

शब्द टिकतो असे म्हणणाऱ्याने निदान असोद्यात तरी ते म्हणू नये. कवयित्री बहिणाबाई चौधरी १८८० साली याच गावात महाजनांच्या घरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. गाणी जात्यावर, शेतात, कामाच्या ओघात आली. त्यांतली काही त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून ठेवली, म्हणून बाई गेल्यानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. जे उतरवले गेले नाही ते गेले. एवढ्या प्रतिभेचा शब्द दुसऱ्याच्या लेखणीवाचून तरला नाही; मग पावणेदोन लाखांच्या उधारीचे बोलणे कशाच्या बळावर तरणार?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ‘शब्दावर’ चालणाऱ्यांना शेवटी त्याच्याच दारात जावे लागते. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायला १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षे दिली आहेत. ती संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य करून सही केली, तर कलम १८ नुसार मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. चहा पिता पिता ‘हो हो, तुमचे देणे आहेच’ असे दहा वेळा म्हटले, तरी या कलमाच्या हिशेबी ते शून्य. म्हणजे देणेकरी प्रामाणिक असूनही केवळ सही न घेतल्यामुळे दाव्याची वाट बंद होऊ शकते.

दुसरा कायदा २००६ चा, सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांचा. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. करारात मुदत कितीही लिहिली, तरी स्वीकारापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. (व्यापाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. हे संरक्षण उद्यम नोंदणी असलेल्या, माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघू उद्योगांचे आहे.) यातली प्रत्येक गोष्ट तारखेवर लटकलेली आहे: माल कधी पोचला, हरकत कधी आली, पैसे कधी मागितले. या तारखा आठवणीतून सांगणाऱ्याकडे, या कायद्याखालची थकबाकीची प्रकरणे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेत कोणी दयेने पाहील. पण निकाल कागद पाहूनच लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपलाही पुराव्यात जागा आहे, हे खरे. पण २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे त्याला प्रमाणपत्राची जोड द्यावी लागते. आणि शुभ सकाळच्या गुलाबांमधून, लग्नपत्रिकांमधून तो एक ‘ओके’ शोधायचा, तोही मधल्या काळात मोबाइल बदलला नसेल तर.

इथवर काही जण माना डोलावतील आणि दुसऱ्या टोकाला जातील. ते पत्र लिहितात. पण कसे? ‘वरील विषयास अनुसरून आपणास सविनय विनंती करण्यात येते की, आपल्या नामांकित फर्मशी आमचे जिव्हाळ्याचे संबंध असून सध्याच्या आर्थिक अडचणींचा विचार करता आमच्या थकीत रकमेबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ किती रक्कम, कोणत्या बिलाची, कधीपर्यंत हवी? पत्ता नाही. स्वतःचेच पैसे मागताना सहानुभूती मागायची! कोणी हे इंग्रजीत करतात आणि वजन वाढले असे समजतात. असल्या लिहिण्याला ‘आपली परंपरा’ म्हणतात, त्याचा मला विशेष राग आहे.

परंपराच काढायची तर शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या लष्करी छावणीला धाडलेले पत्र काढा. त्यात सांगितले आहे: दाणा, गवत पावसाळाभर पुरेल असे वापरा. आताच उधळलेत तर पुढे घोडी मरतील आणि तुमचे लोक रयतेच्या घरात शिरतील. रात्री दिवे तसेच ठेवू नका. उंदीर जळती वात ओढून नेतील, गवताला आग लागेल. हुकूम, लगेच त्याचे कारण, लगेच न पाळल्यास काय होईल ते. वाचणाऱ्या हवालदाराला पुन्हा विचारावे लागेल असे काही उरत नाही. आणि अशा पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटायची, म्हणजे त्याखाली मागाहून कोणी ओळ घुसडू नये. याहून व्यवहारी पत्रलेखन कोणते?

तिसरा पंथ धमकीवाल्यांचा. पहिल्याच पत्रात ‘कायदेशीर कारवाई’. वकिलाची नोटीस नंतर आहेच; आधीच दम दिला तर समोरचा हिशेब तपासायचे सोडून वकील शोधतो.

माझे म्हणणे असे आहे: व्यवहाराचे पत्र समोरच्याला उद्देशून असते, पण लिहायचे तिसऱ्यासाठी. तो तिसरा म्हणजे शेठचा मुलगा, नवा हिशेबनीस, सुविधा परिषदेतला अधिकारी, न्यायाधीश. त्याला तुमचा जिव्हाळा ठाऊक नाही, फोनवरचे बोलणे त्याने ऐकलेले नाही. समजा, चटयांच्या उधारीचे पत्र आहे:

‘बिल क्र. ११८ प्रमाणे, प्रत्येकी ४६० रुपये दराच्या ४०० चटया ५ मे रोजी आपल्या गोदामात पोचल्या. चलनावर आपली सही आहे. मालाबद्दल आपली लेखी हरकत आलेली नाही. एकूण रक्कम १,८४,००० रुपये. पैकी ५०,००० रुपये १२ जूनला मिळाले. बाकी १,३४,००० रुपये ३१ जुलैपर्यंत खात्यात भरावेत. बाकी मान्य असल्यास सोबतच्या प्रतीवर सही-शिक्का करून ती परत द्यावी. फरक असल्यास कोणत्या नोंदीत आहे ते कळवावे. सोबत: बिल व चलनाची प्रत.’

यात आर्जव नाही, दमही नाही. ‘आपण’ आहे, ‘द्यावी’ आहे. आदर तेवढ्यात पुरेसा होतो. नाते बिघडेल ही भीतीही शेवटून दुसऱ्या वाक्याने फिटते, कारण समोरच्याचा हिशेब वेगळा असू शकतो हे आपणच कबूल केलेले असते. खरेदीदार चेन्नईचा असेल तर हेच इंग्रजीत लिहा. भाषा वाचणाऱ्याची, हिशेब आपला.

पत्र पोचते केल्याची खूण हवी: हातोहात दिले तर आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, टपालाने धाडले तर पावती आणि पोच. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामावले गेले, तरी जपायचे ते तेच.

तेव्हा उधारीची वही आज उघडा. ज्या खात्यातली शेवटची सही दोन वर्षांहून जुनी असेल, त्याचे बाकी मान्य करून घेण्याचे पत्र आधी लिहा, मग शेठला फोन करा.