चित्रातला माणूस केवढा काढला आहे?

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणाऱ्या माणसाला चित्र वाचता येते. रसायनाच्या पिंपावर लाल चौकटीत कवटी आणि दोन हाडे दिसली की तो हात मागे घेतो. ज्वाला दिसली की काडेपेटी जवळ बाळगत नाही. हातावर थेंब पडून कातडी जळते आहे असे चित्र दिसले की आधी हातमोजे शोधतो. मेलेला मासा आणि वाळलेले झाड दिसले, की हे पाणी वहाळात जाता कामा नये एवढे त्याला कळते. पिंपावरची इंग्रजी अक्षरे वाचता येवोत न येवोत, चित्र चुकले तर जिवावर बेतते हे त्याला पक्के ठाऊक असते.

मात्र हाच माणूस संध्याकाळी घरी आला आणि मुलगा चित्रकथा घेऊन बसलेला दिसला, की “अभ्यास सोडून चित्रं काय बघतोस?” म्हणून दरडावतो. चित्रांची पुस्तके म्हणजे पोरखेळ, असे आपल्या घराघरांत धरून चालतात. आम्हाला हे मान्य नाही. कंपनीतल्या चित्राइतकेच पुस्तकातले चित्रही मुलाच्या आयुष्यावर परिणाम करते. फरक एवढाच की तिथला परिणाम लगेच दिसतो आणि इथला वीस वर्षांनी.

आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आठवत असतील. १९६४ साली सुरू झालेल्या या मालिकेतला वेताळ मराठीतही घरोघर पोहोचला होता. मजा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती चित्रे आता पुन्हा डोळ्यांसमोर आणून पाहा. जंगल आफ्रिकेचे, माणसे काळी आणि त्या सगळ्यांचे रक्षण करणारा नायक मात्र पिढ्यान्‌पिढ्या गोरा. असे का, हे तेव्हा कुणी विचारले नाही. १९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. तिच्यातल्या पौराणिक अंकांतही देव गोरे किंवा निळे, आणि असुर बहुधा काळे, धिप्पाड, दात विचकणारे. मुलाला कुणी शब्दाने सांगितले नाही की काळा माणूस वाईट असतो. चित्राने सांगितले. शब्दाशी वाद घालता येतो, चित्र मात्र न विचारता मनात जाऊन बसते.

त्याच मालिकेत १९७९ साली बाबासाहेबांवर अंक निघाला. संहिता एस. एस. रेगे यांची आणि चित्रे दिलीप कदम यांची. सरळ चौकटी, एकीनंतर दुसरी, खाली-वर मजकूर, अशी ती मांडणी. ज्या काळात पाठ्यपुस्तकात बाबासाहेबांवर चार ओळी मिळायची मारामार होती, त्या काळात मुलांच्या हाती त्यांची चित्रमय जीवनकथा आली याचे मोल आम्ही मानतो.

पण या स्तंभातून आज मुख्यतः ज्याविषयी सांगायचे आहे ते पुस्तक वेगळे आहे. त्याचे नाव ‘भीमायन’. २०११ साली ‘नवयान’ने ते इंग्रजीत काढले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड दांपत्याची. दुर्गाबाईंना पुढे २०२२ साली पद्मश्री मिळाली. नावाचा ठेका रामायणाची आठवण करून देतो. तो काही वाचकांना खटकेल, आम्हालाही खटकला. तरी नावावर अडून पुस्तक बाजूला ठेवू नये असे आमचे मत आहे.

पुस्तकाला आधार आहे तो बाबासाहेबांच्याच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींचा. पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत ही कथा येते. पहिल्या भागात साताऱ्याची शाळा आहे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नाही तर पाणी नाही. मग १९०१ सालचा मसूर ते गोरेगावचा प्रवास. वडील गोरेगावला नोकरीला. त्यांना भेटायला निघालेली ही मुले चांगले कपडे घालून स्टेशनवर उतरली. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. जात कळताच मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, पण ती मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार. डबा भरलेला होता, पाणी मात्र कुणी दिले नाही. मुले रात्री उपाशी झोपली.

ही हकिकत आपल्यापैकी अनेकांनी वाचली किंवा ऐकली असेल. व्याम दांपत्याने ती काढली कशी, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी चौकटी आखल्याच नाहीत. माणसांना डब्यात कोंडले की ती गुदमरतात, आमची कला मोकळी आहे, अशी त्यांची भूमिका. गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात जी ‘दिग्ना’ नक्षी काढतात, तिच्या वळणदार पट्ट्यांनी त्यांनी पाने विभागली. आगगाडी सापासारखी सळसळत जाते. १९१७ साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाबासाहेबांना हाकलले आणि ते बागेत जाऊन बसले. त्या प्रसंगात त्यांचे शरीरच बाग होऊन जाते. ज्याला शहरात कुठे जागा नाही, त्याच्या अंगावर झाडे उगवली आहेत. हे दुःख चार पाने लिहूनही इतके नेमके सांगता येणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे आहेत ते संवादाचे फुगे. चित्रकथेत माणूस बोलतो तेव्हा तोंडाजवळ फुगा काढतात. या पुस्तकात फुगे तीन तऱ्हांचे आहेत. ज्याचे बोलणे मायेचे, किंवा ज्याने सोसले आहे, त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचा तोरा मिरवणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा. आठ वर्षांच्या मुलालाही हे समजावून सांगावे लागत नाही. “पाणी नाही” हे दोनच शब्द, पण त्यांना नांगी आहे हे त्याला दिसते. आपल्या आज्यांना असे किती विंचू डसले असतील, याचा हिशेब कुणी ठेवला?

काही जण म्हणतील, हे बाबासाहेब आपल्या भिंतीवरच्या फोटोसारखे दिसत नाहीत. निळा कोट, चष्मा, हातात संविधान, हीच आपल्या डोळ्यांना सवय. ती प्रतिमा आपल्याला उभे राहण्याचे बळ देते, तिला कुणी हात लावू नये. पण त्या फोटोतले बाबासाहेब मोठे झालेले आहेत. तहानलेले नऊ वर्षांचे लेकरू त्या फोटोत दिसत नाही. आपल्या मुलांना ते लेकरूही भेटले पाहिजे.

चित्राने गोष्ट सांगणे ही काही बाहेरून आलेली फॅशन नव्हे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर जातककथा कोरल्या आहेत आणि कोणते जातक ते खाली अक्षरांत लिहिले आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात वेस्संतर जातकाचा नायक एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो, मध्ये चौकट नाही. आपल्याच कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर कलावंत चित्रांची पाने एकेक करून दाखवत कथा गातात. त्या चित्रकथीसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

चित्र जसे मान देते तसे मान हिरावूनही घेते. १९४९ साली शंकर यांनी काढलेल्या व्यंगचित्रात बाबासाहेब संविधान नावाच्या गोगलगायीवर बसले आहेत आणि मागे नेहरूंच्या हातात चाबूक आहे. हे चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होते. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुण्यात प्रा. सुहास पळशीकर यांच्या विद्यापीठातील कार्यालयाची तोडफोड झाली. ती तोडफोड आम्हाला पटली नाही आणि पटणार नाही. पण समाजाचा राग उगाच नव्हता. चाबूक हे आपल्या पूर्वजांच्या पाठीला माहीत असलेले हत्यार आहे. पुढे २०१९ साली उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे एका पुस्तकात एकत्र आणली आणि प्रत्येकाखाली घडलेला इतिहास लिहिला. तोडफोडीला याहून चांगले उत्तर आम्हाला सापडत नाही. चित्र लपवले नाही, त्याची उलटतपासणी केली.

अमेरिकेत १९५५-५६ साली माँटगोमेरीच्या काळ्या जनतेने बसवर बहिष्कार घातला. १९५७ मध्ये त्यावर दहा सेंट किमतीची छोटी चित्रकथा निघाली आणि ती वाचून पुढच्या तरुणांनी अहिंसक लढ्याचे धडे घेतले. त्यांतले एक, जॉन लुईस, पुढे खासदार झाले आणि उतारवयात त्यांनी स्वतःच्या लढ्याची गोष्ट चित्रकथेतूनच सांगितली. ‘मार्च’ हे तिचे नाव. दहा सेंटांच्या पुस्तकाला कुणी पोरखेळ म्हटले असते तर?

म्हणून आमची पालकांना विनंती आहे. मुलाच्या हातातले चित्रांचे पुस्तक ओढून घेऊ नका, शेजारी बसा. मोबाइलवरचे कार्टून असले तरी बसा. चार प्रश्न विचारा. यात मोठा कोण काढला आहे आणि लहान कोण? बोलतो कोण आणि गप्प कोण? वाईट माणसाचा रंग कोणता दिला आहे? आपल्यासारखी माणसे यात कुठे आहेत, आणि नसतील तर का नाहीत?

विहारात रविवारी मुले जमतात, तिथे कागद आणि रंगखडू ठेवायला फार खर्च येत नाही. बौद्धवाडीतल्या एखाद्या आजीला बोलवा. तिच्या लहानपणी विहिरीवर काय होत असे, पाणी कोण वाढत असे आणि किती उंचावरून, ते तिच्या तोंडून ऐकू द्या. तिला अक्षर येत नसेल तर काही बिघडत नाही, चित्र बरोबर आले की नाही ते तिच्याइतके नेमके कोण सांगणार? मग मुलांना काढू द्या. कुणाच्या फुग्याला पक्षी जोडायचा आणि कुणाच्या फुग्याला नांगी, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. फक्त एक लक्ष ठेवा. कागदावर आजी लहान निघता कामा नये.