किंमत कॉफीची कीं खुर्चीची?

आपल्या मराठी घरांत कॉफीला चहाची सर कधींच आली नाहीं. चहा हा रोजचा. कॉफी ही पाहुण्यांची, आजाऱ्याची, अथवा परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणाऱ्या मुलाची. तीही दुधांत उकळलेली, साखरेनें गोड केलेली आणि वर जायफळाची चिमूट घातलेली. अशा पेयांत कॉफी किती आणि जायफळ किती हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं, व त्यावांचून कोणाचें अडलेंही नाहीं.

असें असतां कॉफीच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या चढाओढीविषयीं आपल्या शाळेच्या वार्षिकांत लिहिण्याचें प्रयोजन काय, असें पालकांस वाटेल. प्रयोजन असें कीं, पेणहून व रोह्याहून पुढील शिक्षणासाठीं पनवेलला, ठाण्याला, मुंबईला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या मासिक खर्चांत ह्या कंपन्यांनीं आपला वांटा मागावयास आरंभ केला आहे. सुटींत घरीं आलेल्या मुलाच्या मोबाइलवरील हिशेबांत एका पेल्याचे अडीचशें रुपये दिसले म्हणजे वडिलांच्या कपाळाला आठी पडते. मग "आमच्या वेळीं एवढ्या पैशांत..." ह्या शब्दांनीं आरंभ होणारें व्याख्यान होतें, आणि मुलगा खालीं मान घालून तें ऐकून घेतो. वडिलांना मुलगा उधळा वाटतो. मुलाला वडील जुन्या काळचे वाटतात. माझें मत असें आहे कीं, ह्या भांडणांत दोघांचाही एकच गैरसमज असतो. ते अडीचशें रुपये कॉफीचे आहेत असें दोघेही धरून चालतात.

थोडें गणित करून पाहूं. यंत्राच्या दाबानें काढलेल्या दुहेरी मात्रेच्या एका पेल्यास सुमारें १८ ग्रॅम दळलेली कॉफी लागते. म्हणजे एका किलोंत पन्नासांहून अधिक पेले होतात. भाजलेले दाणे किलोला १,५०० रुपये दरानें घेतले असें धरलें, तरी एका पेल्यांतील कॉफी तीस रुपयांच्या आंतच राहते. दूध, साखर आणि कागदी पेला त्यांत मिळवा. तरीही अडीचशेंपासून आपण फार दूर आहों. उरलेले पैसे कोठें गेले? कांहीं यंत्रास, कांहीं विजेस, कांहीं करास, कांहीं पेला भरून देणाऱ्या तरुणाच्या पगारास, कांहीं कंपनीच्या नफ्यास. आणि मोठा वांटा त्या जागेस गेला. हमरस्त्याच्या कोपऱ्यावरील गार हवेची खोली, मऊ खुर्ची, मोबाइलला वीज, आणि "आतां उठा" असें न म्हणणारा नोकर, ह्यांचे ते पैसे आहेत. (ज्या शेतकऱ्यानें कोडगूच्या अथवा चिकमगळूरच्या डोंगरांत तें झाड वाढविलें, त्याचा वांटा त्या तिसांच्याही आंत आहे, हें जातां जातां ध्यानांत ठेवावें.)

पेणकरांस ही गोष्ट नवी वाटूं नये. गणपतीच्या कारखान्यांत शाडूच्या मातीची किंमत ती किती? परंतु मूर्तीचे डोळे ज्या हातानें आंखले त्या हाताचें मोल गिऱ्हाईक देतें, कारण आपण काय विकत घेत आहों हें त्याला ठाऊक असतें. कॉफीच्या दुकानांतील गिऱ्हाईकाला तें ठाऊक नसतें, एवढाच भेद.

कंपन्यांना मात्र तें फार दिवसांपासून ठाऊक आहे. अमेरिकेंतील सिॲटल शहरीं १९७१ सालीं निघालेलें स्टारबक्सचें पहिलें दुकान कॉफीचे दाणे विकीत असे. त्या कंपनीचा हॉवर्ड शुल्ट्झ नांवाचा अधिकारी १९८३ सालीं इटलींतील मिलान शहरीं गेला, आणि तेथील कॉफीच्या दुकानांत शेजारीपाजारी कसे जमतात हें पाहून भारावून परत आला. मौज अशी कीं, मिलानचे लोक ती कॉफी बहुधा उभ्यानेंच पिऊन चालते होतात; मऊ खुर्ची ही अमेरिकेची भर. पुढें १९८९ सालीं रे ओल्डनबर्ग ह्या समाजशास्त्रज्ञानें असा विचार मांडला कीं, घर ही माणसाची पहिली जागा, कामाचें ठिकाण ही दुसरी, आणि ह्या दोहोंवेगळी, जेथें माणसें सहज भेटतात व जेथें लहानमोठा हा भेद गळून पडतो, अशी एक तिसरी जागा त्याला लागते. कंपनीनें हा विचार उचलून आपल्या व्यापाराचें ब्रीद केलें. लहानमोठा भेद गळून पडण्याचें कलम मात्र किमतीच्या फळ्यावर कोठें दिसत नाहीं.

आपल्या देशांत ही वाट व्ही. जी. सिद्धार्थ यांनीं पाडली. हे चिकमगळूरकडील कॉफीमळेवाल्यांच्या घराण्यांतले गृहस्थ. १९९६ सालीं बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर त्यांनीं कॅफे कॉफी डेचें पहिलें दुकान उघडलें, तेव्हां पेल्याबरोबर इंटरनेटचीही सोय ठेविली होती. पुढें इंटरनेट घरोघर पोंचलें, तरी गिऱ्हाईक हटलें नाहीं. तें इंटरनेटसाठीं येत नव्हतें, तसें निव्वळ कॉफीसाठींही येत नव्हतें. दोन मित्रांना, किंवा लग्न ठरूं घातलेल्या दोघांना, वडीलधाऱ्यांच्या नजरेआड परंतु चारचौघांच्या देखत तासभर बसतां येईल अशी जागा आपल्या मध्यम वर्गाला तोंवर फारशी मिळालीच नव्हती. एके काळीं ह्या कंपनीचीं दुकानें सतराशेंच्या घरांत गेलीं. मग ऑक्टोबर २०१२ मध्यें टाटांच्या भागीदारीनें स्टारबक्स मुंबईंत हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन इमारतींत येऊन उतरलें. त्यामागोमाग ब्लू टोकाय, थर्ड वेव्ह अशी नवी मंडळी आली. दाणे कोणत्या मळ्यांतले आणि केव्हां भाजलेले हें सांगून त्यांनीं चोखंदळांना आपल्याकडे ओढलें.

सिद्धार्थ यांचा जुलै २०१९ मध्यें मृत्यु झाला, तेव्हां त्यांच्या उद्योगसमूहावर कर्जाचा मोठा बोजा होता. त्यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनीं पुढें सूत्रें हातीं घेऊन तो पुष्कळ उतरविला. परंतु दरम्यान हजाराहून अधिक दुकानें बंद झालीं. त्या कर्जाचीं कारणें अनेक होतीं. सारा दोष कॉफीच्या दुकानांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तरी जो खुर्ची विकतो त्याला रिकाम्या खुर्चीचेंही भाडें भरावें लागतें, ही अडचण ह्या धंद्याला जन्मापासून चिकटलेली आहे. एक पेला पुढें ठेवून दोन तास बसणारा विद्यार्थी दुकानाची शोभा वाढवितो, पण भाडें भरीत नाहीं.

गिऱ्हाईकाला खरोखर काय हवें असतें ह्याची परीक्षा पाहावयाची असेल तर मुंबईंत माटुंग्याला जावें. तेथें १९४० सालापासून चालत आलेलें कॅफे मद्रास आहे. दारांत रांग, आंत गर्दी. वाटी-पेल्यांत फेंसाळ फिल्टर कॉफी समोर येते, तीही मोठ्या कंपनीच्या पेल्याहून कितीतरी स्वस्त. ज्याला कॉफीच हवी आहे तो तेथें रांगेंत आनंदानें उभा राहतो आणि पेला संपतांच दुसऱ्यासाठीं जागा मोकळी करून उठतो. माझ्या जिभेला विचाराल तर अडीचशेंच्या पेल्यापेक्षां ती कॉफी सरस आहे. परंतु परीक्षेचा अभ्यास, नोकरीची मुलाखत, किंवा मनांतलें दुःख सांगणें, ह्यांपैकीं एकही गोष्ट त्या रांगेच्या डोळ्यांदेखत होण्यासारखी नाहीं. एकच माणूस एके दिवशीं माटुंग्यास जातो आणि दुसऱ्या दिवशीं गार हवेच्या दुकानांत बसतो, ह्यांत विसंगति मुळींच नाहीं. पहिल्या दिवशीं त्यानें कॉफी घेतली, दुसऱ्या दिवशीं खुर्ची.

चीन देशांत तर लकिन नांवाच्या, २०१७ सालीं निघालेल्या कंपनीनें बहुतेक दुकानांतून खुर्चीच काढून टाकिली. मोबाइलवर मागवा, खिडकीवर घ्या, चालूं लागा. किंमतही त्या मानानें कमी. खोट्या हिशेबांचें तिचें प्रकरण २०२० सालीं उघडकीस आलें, तरी २०२३ सालीं तिनें त्या देशांत स्टारबक्सला विक्रींत मागें टाकिलें. आपल्याकडे 'अमृततुल्य'च्या पाट्या लावलेलीं चहाचीं दुकानें जीं गांवोगांव निघालीं आहेत, त्यांचें गणित ह्याच जातीचें: लहान गाळा, उभें गिऱ्हाईक, दहा-पंधरा रुपयांचा चहा.

मग खुर्ची स्वस्त देतांच येत नाहीं काय? आपल्याच इतिहासांत ती दिलेली आहे. जागतिक मंदींत मळ्यांतील माल पडून राहूं लागला, तेव्हां देशांतल्या लोकांना कॉफीची गोडी लावावी म्हणून कॉफी सेस कमिटीनें १९३६ सालीं मुंबईंत चर्चगेटला इंडिया कॉफी हाउस उघडलें. पुढें अशीं कॉफीगृहें अनेक शहरीं निघालीं. १९५० नंतरच्या दशकांत कॉफी बोर्डानें तीं बंद करावयास घेतलीं, तेव्हां ए. के. गोपालन यांच्या प्रोत्साहनानें तेथील कामगारांनीं सहकारी संस्था काढल्या. १९५७ सालीं बंगळूर व दिल्ली येथें त्यांचा आरंभ झाला. काल पेले उचलणारा नोकर आज दुकानाचा भागीदार झाला, आणि लेखक, पत्रकार, विद्यार्थी एका पेल्यावर सारी सायंकाळ काढूं लागले. मुंबई-पुण्याच्या इराण्यांनींही हेंच पुण्य पदरीं पाडलें. फार वेळ बसूं नये अशा पाट्या त्यांच्या भिंतींवर असत खऱ्या, पण लोक त्या पाट्यांखालींच बसत. आतां इराण्यांचीं दुकानें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरत चाललीं आहेत. कोपऱ्यावरच्या जागेचे भाव जसे चढत जातात, तशी स्वस्त खुर्ची पहिली नाहींशी होते.

येथें मी मूळ मुद्द्यावर येतों. वर्गांतील आठ मित्र पेणहून वा रोह्याहून एकत्र शहरांत जातात. येथें सर्वांनीं एकाच टपरीवर एकांत दोन चहा घेतलेला असतो. तेथें चौघे कॉफीच्या दुकानांत शिरतात. दोघे "आज काम आहे" असें सांगून वळतात. उरलेले दोघे आंत जातात, परंतु त्या महिन्यांत एक वेळचें जेवण चुकवितात. ज्याचे वडील भातशेतीवर किंवा धाटावच्या कारखान्यांतील पगारावर घर चालवितात, त्या मुलाची उधळेपणानें नव्हे, तर एकटें पडण्याच्या भीतीनें ओढ होते. पालकांनीं व्याख्यान देण्यापूर्वीं एवढें विचारावें: "तुम्ही तेथें कितीजण होतां, आणि कोण आलें नाहीं?" विद्यार्थ्यांनींही हाच प्रश्न स्वतःस विचारावा. जो मित्र "काम आहे" म्हणून वळला, त्याला काम नव्हतें.

अमेरिकेंत एप्रिल २०१८ मध्यें, फिलाडेल्फिया शहरीं स्टारबक्सच्या दुकानांत कांहीं न मागवितां कोणाची वाट पाहत बसलेल्या दोन कृष्णवर्णी तरुणांना पोलिसांनीं धरून नेलें. मोठा गहजब झाला. कंपनीनें माफी मागितली, आणि कांहीं विकत न घेतांही कोणासही बसतां येईल असें धोरण जाहीर केलें. जानेवारी २०२५ मध्यें हें धोरण तिनें तेथें फिरविलें. मी कंपनीस दोष देत नाहीं. ती व्यापारी आहे, धर्मशाळा नव्हे. परंतु जी जागा केवळ गिऱ्हाइकासाठीं खुली असते ती सार्वजनिक नव्हे, हें तरी त्यावरून आपणांस कळावें.

आणि आपल्या गांवीं तरी बिनपैशाची बैठक कोठें आहे? मुलांना पार आहे, मैदान आहे, कुंडलिकेचा कांठ आहे. मुलींना काय आहे? शहरांतील त्या महाग दुकानांत मुली निर्धास्तपणें पुस्तक उघडून बसतात, कोणी टक लावून पाहत नाहीं, कोणी कोठली कोण म्हणून चौकशी करीत नाहीं. त्यांच्या दृष्टीनें अडीचशें रुपयांतील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, असें आपल्या माजी विद्यार्थिनींनींच मला सांगितलें. हें ऐकल्यावर त्या दुकानांना नुसतीं नांवें ठेवण्याचें धैर्य मला होत नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी कीं, पेण व रोहा येथील शाळांनीं आणि वाचनालयांनीं आपला एकेक दिवाणखाना सायंकाळीं सहापासून नवापर्यंत उघडा ठेवावा. टेबलें आहेतच. दिवे, पंखे, पिण्याचें पाणी, एक शिपाई आणि चहाची किटली, एवढाच वाढीव खर्च. तो माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणींतून भागण्यासारखा आहे. चहा ज्याला हवा त्यानें पैसे टाकून घ्यावा. बसण्याला पैसे नकोत, आणि बसणारा काय करतो ह्याची चौकशीही नको. अभ्यास करो, गप्पा मारो, नुसता बसो. शिस्तीची जबाबदारी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडे सोंपविली तर ते ती आनंदानें पार पाडतील. दिवेलागणीनंतर लांबच्या वाड्यांवरील मुलींना घरीं पोंचविण्याची सोय कशी करावी, हा प्रश्न उरतो. पावसाळ्यांत तो अधिकच कठीण होईल. त्यावर पालकांनीं विचार करून आपलीं मतें शाळेस कळवावीं.