परीक्षा आपल्याच आकाशात व्हावी

हबीबगंज स्थानकाचे नाव 2021 च्या नोव्हेंबरात राणी कमलापती झाले, तरी भोपाळचे रिक्षावाले अद्याप जुन्याच नावाने भाडे ठरवतात, आणि त्या स्थानकाच्या पोलादी छताखाली उभे राहून मोबाइल उघडला, तर आपला ठावठिकाणा सांगणारा निळा ठिपका क्षणात रुळांच्या अलीकडे, क्षणात पलीकडे जाऊन बसतो, इतका की अखेरीस रिक्षावाल्यालाच फोन करून विचारावे लागते, "भाईसाब, कौन से गेट पे हो?"

हा ठिपका ज्यांच्या संदेशांवरून ठरतो, ते जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरांवरून आणि आपल्या 'नाविक' या स्थाननिश्चिती-व्यवस्थेचे सुमारे 36,000 किलोमीटरांवरून बोलतात, म्हणून त्यांचा आवाज येथवर पोहोचेतो अत्यंत क्षीण झालेला असतो. तोच संदेश, तितक्याच शक्तीने, डोक्यावरच्या 600 किलोमीटरांवरून सोडला, तर अंतर 'नाविक'च्या मानाने साठपट घटून त्याचे बळ वर्गाच्या नियमाने 3,600 पट होते. शिवाय असा उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजापासून क्षितिजापर्यंत धावत असल्यामुळे स्थाननिश्चितीस लागणारे कोन त्वरेने बदलतात. कल्पना जुनीच आहे. 1960 च्या दशकात अमेरिकी नौदलाची 'ट्रान्झिट' व्यवस्था खालच्या कक्षेतूनच चाले. आता 2025 च्या जूनमध्ये 'झोना' या अमेरिकी कंपनीने 'पल्सर-0' हा चाचणी-उपग्रह सोडला असून, युरोपीय अवकाशसंस्थेनेही 'सेलेस्टे' ही योजना हाती घेतली आहे.

आपणही असे चाचणी-उपग्रह सोडावेत म्हटले, तर त्या परदेशी चाचण्यांचे निष्कर्ष आयते येतील, तेव्हा आपण खर्च का करावा, असा आक्षेप सरकारदरबारी निघणारच. त्याला भोपाळपाशी उत्तर आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस आयनांबर या वातावरणाच्या वरच्या थरात विद्युत्कणांचे जे दाट पट्टे साचतात, त्यांतील उत्तरेकडच्या पट्ट्याच्या माथ्यालगत हे शहर वसले आहे. सौरक्रिया तीव्र असलेल्या वर्षांत, विशेषतः दोन्ही विषुवदिनांच्या आगेमागे, सूर्यास्तानंतर येथील उपग्रह-संदेश ताऱ्यांसारखे लुकलुकतात. बरकतउल्ला विद्यापीठातील संशोधकांनी या लुकलुकीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे, आणि विमानांसाठीच्या 'गगन' योजनेच्या आयनांबर-निरीक्षण केंद्रांत भोपाळचाही समावेश होता. सहाशे किलोमीटरांवरून निघालेला संदेशही या थराचा दाट भाग ओलांडूनच खाली येतो. तो किती तगेल, याचा दाखला युरोपच्या तुलनेने शांत आकाशातून मिळणार नाही.

'नाविक'ची डागडुजी आधी करावी, हे म्हणणे रास्त आहे. 29 जानेवारी 2025 रोजी सोडलेला त्याचा 'एनव्हीएस-02' हा उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही, हे शल्य ताजे आहे. परंतु खालच्या कक्षेतले छोटे उपग्रह 'नाविक'ची जागा घ्यायला नकोत, त्याला जोड म्हणून हवेत. प्रत्येकाचे दृष्टिक्षेत्र तोकडे असल्याने पूर्ण सेवेस असे शेकडो उपग्रह लागतील, आणि म्हणूनच एवढा मोठा जमाखर्च मांडण्यापूर्वी थोड्यात परीक्षा घेणे शहाणपणाचे. 500 किलोचा भार 500 किलोमीटरांवर नेणारे एसएसएलव्ही हे प्रक्षेपणयान आपल्यापाशी आहे. त्यातून दोन चाचणी-उपग्रह पाठविण्यास मंजुरी द्यावी, आणि त्यांचे संदेश टिपण्याची तजवीज भोपाळात, मार्च व सप्टेंबरातील दिवेलागणीनंतर, म्हणजे आकाश सर्वांत अवघड प्रश्न घालते त्या वेळेला, करावी.